पाटील मॅडम आणि उपग्रहातला कप्पा

आमच्या घराला कुलूप लावणं हा एक सोहळाच झालाय. मी कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि मोठ्याने म्हणतो, "लावलं." बायको जिन्याखालून विचारते, "कोणी पाहिलं?" मग मुलगी कंटाळलेल्या आवाजात, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, "मी पाहिलं." ती खोटं बोलते हे आम्हा दोघांना माहीत असतं, पण तेवढ्याने गाडी सुरू होते. शेजाऱ्यांना आम्ही तिघंही जरा सरकलेले वाटतो. पाटील मॅडमच्या हाताखाली चार दिवस काढले असते तर त्यांनाही हीच खोड लागली असती.

मी शहाद्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मॅडम आमच्याकडे आल्या त्या निवृत्त होऊन. माहेर शहाद्याजवळच्याच एका खेड्यातलं, घरी केळी आणि ऊस. पण सगळी नोकरी बंगळुरूला, उपग्रहांची जोडणी करण्यात गेलेली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबा त्यांच्याच गावचे. गावच्या लेकीने एवढं मोठं काम केलं आणि आपल्या पोरांना त्याचा उपयोग नाही, हे आबांना पटेना. ते स्वतः बंगळुरूला गेले, मॅडमच्या दारात बसले आणि त्यांना घेऊनच परत आले. दरवर्षी मुदत वाढवायची, अशी ती नेमणूक होती.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक ठेंगणी, कापलेल्या पांढऱ्या केसांची बाई शिरली. सुती साडी, पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि पायात पळायचे बूट. आम्ही चहा पुढे केला. त्यांनी तो पूर्ण गार होऊ दिला आणि मग पाण्यासारखा एका दमात प्यायला. त्या नेहमी असाच चहा प्यायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "कामात असताना गरम चहाची वाट बघत बसलं की हात घाई करतात." चहाचा आणि हातांचा हा संबंध मला आजवर नीट कळलेला नाही.

आवाज चढवणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, मी स्वतः त्याच जातकुळीतला आहे. मॅडम रागावल्या की मात्र त्यांचं बोलणं सावकाश होत जायचं. दोन शब्दांमध्ये एवढं अंतर पडायचं की तेवढ्यात समोरचा आपल्या सगळ्या चुका आठवून मोकळा व्हायचा. "सर. हे. टेबल. कोणी. पुसलं?" एवढं ऐकून मी एकदा न पुसलेलं टेबल पुसल्याची कबुली देऊन बसलो होतो.

त्यांनी प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात पारदर्शक प्लास्टिकचा तंबू उभारला. आत गाळलेली हवा सोडणारा पंखा, एक टेबल आणि एक स्टँड. तंबूत जाताना चप्पल बाहेर, केस टोपीत, हात धुऊन मोजे. पावडर, अत्तर, बांगड्या, टिकली काही चालणार नाही. मुली आत जाताना आपापल्या टिकल्या दाराच्या चौकटीला चिकटवून जायच्या आणि येताना काढून घ्यायच्या. काही तिथेच राहायच्या. काही महिन्यांनी ती चौकट नवरीसारखी दिसायला लागली.

"आणि 'बहुतेक' हा शब्दसुद्धा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा," मॅडमनी बजावलं होतं. "बहुतेक बसलं, बहुतेक घट्ट झालं, हे आत चालणार नाही."

काम करायची त्यांची रीत अशी. एकाने पुढची पायरी मोठ्याने वाचायची. करणाऱ्याने ती जशीच्या तशी म्हणायची, मग हात लावायचा, आणि झालं की काय झालं ते सांगायचं. तिसऱ्याने नुसतं बघायचं. कोणी "झालं" म्हटलं की मॅडमचा प्रश्न ठरलेला: "कोणी पाहिलं?" पोरांनी सुरुवातीला याची भरपूर चेष्टा केली. एकाने आपल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मॅडमना दिली, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "लग्न होईल हो, पण पाहणार कोण?" मॅडमही हसल्या. पण रीत सुटली नाही.

पहिल्याच सत्रात एक स्क्रू हरवला. तांदळाच्या दाण्याएवढा. मॅडमनी काम थांबवलं. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. मला तर वाटायला लागलं, की खिशातून दुसरा एखादा स्क्रू काढून "सापडला" म्हणावं आणि सुटावं. तेवढ्यात एक विद्यार्थी पांढऱ्या चेहऱ्याने उभा राहिला. स्क्रू त्याच्या पँटच्या मुडपलेल्या घडीत होता. तो त्याला केव्हाच सापडला होता, पण सांगायची छाती होत नव्हती. आता याचं काही खरं नाही, असं मला वाटलं. मॅडमनी स्क्रू डबीत टाकला आणि त्याला म्हणाल्या, "सांगितलंस, संपलं. सांगणाऱ्याला आपल्याकडे शिक्षा नसते." मग आम्हा सगळ्यांकडे वळल्या. "वर गेल्यावर तो स्क्रू कुठेही तरंगत जाऊन बसला असता. जमिनीवर लपवलेली गोष्ट तिकडे उघडी पडते, आणि तेव्हा हात पोचत नाही."

आमच्या वाट्याला उपग्रहातला एक कप्पा आला तो त्यांच्यामुळेच. बंगळुरूची एक कंपनी ठरावीक मापाचे सांगाडे बनवते. त्याच सांगाड्यावर कधी संदेश पोचवणारी यंत्रं बसवायची, कधी जहाजांना आणि गाड्यांना वाट दाखवणारी. यावेळी चाचणीसाठी दोन्ही प्रकारची यंत्रं एकत्र जाणार होती आणि एक कप्पा रिकामा होता. तो त्यांनी कॉलेजांसाठी ठेवला. मॅडमनी अर्ज केला आणि तो आम्हाला मिळाला.

वर्गात त्यांनी हे फार सोपं करून सांगितलं होतं. "मांडववाला बघितलाय ना? खांब तेच, कनाती त्याच, जनरेटर तोच. आज लग्न, उद्या पुढाऱ्याची सभा, परवा सप्ताह. तो दरवेळी नवे खांब पाडत नाही. तसाच हा सांगाडा. वीज, दिशा सांभाळणं, उष्णता बाहेर टाकणं, जमिनीशी बोलणं, हे सगळं त्याच्याकडे. आपण आपली पेटी न्यायची आणि ठरल्या जागी बसवायची."

"मग आपली पेटी बिघडली तर आपलंच नुकसान ना, मॅडम?" एकाने विचारलं.

"जनरेटरच्या लाइनला तुझी एक उघडी वायर लागली तर काय होतं?"

"सगळ्या मांडवात अंधार."

"हां. वर आपल्याला शेजारी आहेत," मॅडम म्हणाल्या.

आमच्या पेटीचं काम छोटं होतं. जिथे मोबाईलला रेंज नाही तिथल्या एका लहान यंत्रावरून चार शब्दांचा निरोप पाठवायचा. उपग्रह डोक्यावरून जाताना पेटीने तो झेलून ठेवायचा आणि शहाद्यावरून जाताना आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला द्यायचा. ही कल्पना सुमित्रा पावरा या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीची. तोरणमाळच्या पलीकडचा तिचा पाडा. तिथे फोन लावायचा तर एका टेकाडावर चढावं लागतं आणि हात वर करून रेंज शोधावी लागते. तिच्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा सुमित्राचा भाऊ असाच त्या टेकाडावर ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावत राहिला. वहिनी वाचली, बाळ गेलं. सुमित्राने हे आम्हाला एकदाच सांगितलं, तेही प्रकल्पाची माहिती देताना, 'गरज' या मथळ्याखाली. पेटीतला प्रोग्राम बराचसा तिने लिहिला होता. तिच्या वडिलांनी सगळ्या पाड्याला सांगून टाकलं होतं, की पोरीची पेटी वर गेली की निरोपासाठी टेकाड चढायला नको.

मॅडमनी मात्र पेटीच्या आधी ठोकळा करायला घेतला. वेळेत पेटी दिली नाही तर कप्पा रिकामा सोडत नाहीत, कारण एका बाजूने हलका झालेला उपग्रह नीट फिरत नाही. त्या जागी पेटीच्याच मापाचा आणि वजनाचा धातूचा ठोकळा बसवतात. पोरांना हे अपशकुनी वाटलं. "मॅडम, आपण सुरुवातीलाच हरतोय का?" सुमित्राने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ठोकळा तयार असला की आपल्याला घाईत खोटं बोलावं लागत नाही."

ठोकळा करून दिला यासीनभाईंनी. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं लेथचं दुकान आहे. ऊस तोडणी यंत्रांचे आणि पंपांचे भाग ते बनवतात. मॅडमनी माप, वजन आणि तोल सांगितला. यासीनभाईंनी तो बरोबर आणलाच, पण वर पेटीसारखे खोटे स्क्रू कोरले, वायर जोडायच्या जागेवर खोटी टोपणं बसवली आणि रंगही तोच दिला. "मॅडम, वजन तो मिला दिया, मगर शकल का क्या? चीज अपने हाथ से निकले तो बराबर निकलनी चाहिए," ते म्हणाले. मॅडमनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला नुसतं "वा" म्हटलं. पेटी आणि ठोकळा शेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नव्हता.

पेटी सगळ्या चाचण्यांतून पार पडली. बंगळुरूला नेऊन ती हादरवली, तापवली, गोठवली. परत आणून शेवटची तपासणी केली. झाकणाचे स्क्रू गोंदाने बंद झाले. आता कंपनीची गाडी येणार आणि पेटी घेऊन जाणार, एवढंच बाकी होतं. आबांनी पूजा ठेवली. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, की पेटीला कुंकू लागता कामा नये. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं, पूजा ठोकळ्याची करायची. आबा गप्प बसले. मला वाटलं, मान्य केलं. आबांना इतकी वर्षं ओळखूनही मला ते गप्प बसणं कळलं नाही.

सकाळी ठोकळ्याला हार घालून टेबलावर ठेवला होता. पेटी तंबूत, पिशवीत. ऐन वेळी कंपनीचा फोन आला. प्रयोगशाळेत आवाज तुटत होता, म्हणून मॅडम आणि मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. परत आलो तर पूजा उरकलेली. सगळे खोबरं खात होते. मॅडमनीही एक तुकडा घेतला, तो तंबूपासून लांब उभं राहून खाल्ला आणि हात धुतले. सुमित्रा कुठे दिसत नव्हती.

दुपारी पेटी प्रवासाच्या खोक्यात भरायला घेतली. मॅडम वाचणार, सुमित्रा करणार आणि मी बघणार. आबा कौतुकाने दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"पेटी पिशवीतून बाहेर," मॅडमनी वाचलं.

"पेटी पिशवीतून बाहेर," सुमित्रा म्हणाली. तिने पेटी स्टँडवर ठेवली. "काढली."

"टोपणं जागेवर."

"टोपणं जागेवर. आहेत."

"झाकणावरचं छिद्र मोकळं."

पेटीच्या झाकणाच्या मधोमध सुईच्या नेढ्याएवढं छिद्र होतं. वर हवा नसते, त्यामुळे आत अडकलेली हवा बाहेर पडायला वाट लागते. मॅडमनी पायरी पुन्हा वाचली. सुमित्राचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती पेटीकडे बघत उभी होती. मोजे घातलेले तिचे हात छातीशी होते.

"सुमित्रा?"

"मॅडम, पूजा हिची झाली," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. आम्ही फोनवर असताना आबांनी तिला विचारलं होतं, यातली खरी कुठली. त्यांना नुसतं बघायचं असेल असं समजून तिने बोट दाखवलं. आबांनी चपला काढल्या, तंबूत गेले आणि पेटी पिशवीतून काढून बाहेर घेऊन आले. तिने "आबा, नका" म्हटलं, पण ते तोपर्यंत मंत्र म्हणायला लागले होते. ओलं कुंकू अंगठ्याने झाकणाच्या बरोबर मधोमध लावलं, कपाळाला लावतात तसं. वर अक्षता, वर नारळाचं पाणी. बाकीची पोरं बाहेर होती; ती आत आली तेव्हा पूजा ठोकळ्याचीच झाली असं त्यांना वाटलं. नंतर तिने पेटी पुसली, पिशवीत घातली आणि जागेवर ठेवली. सकाळपासून ती जेवली नव्हती.

मॅडमनी बॅटरी आणि भिंग घेतलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग मला बघायला सांगितलं. छिद्राच्या कडेला बारीक लाल रेघ होती. आत किती गेलंय हे दिसायला मार्ग नव्हता.

"पेटीला. आता. कोणी. हात. लावायचा. नाही," मॅडम म्हणाल्या. आणि सुमित्राला, नेहमीच्या आवाजात: "तू पाणी पी. आधी पाणी पी."

आबा खुर्चीतून उठले होते. "मन्हं चुकनं, निमा. पोरले काही बोलू नको. पन देवले नकली माल दखाडू का मी? त्याले कळत नही का?"

आबा मॅडमना गावातल्यासारखी नावानेच हाक मारायचे, आणि मॅडमही त्यांच्याशी नेहमी अहिराणीतच बोलायच्या. "आबा, देवना राग नही मले. झाकन उघाडाशिवाय मले आतलं दिसत नही."

"मंग उघाडी टाक."

"उघाडं ते बठ्ठ्या चाचण्या फिरीसन कराना पडतीस."

सगळ्या चाचण्या पुन्हा करायला जमेल का, हे विचारायला मॅडमनी तिथूनच कंपनीला फोन लावला. आता आवाज येत होता, का कोण जाणे. पलीकडच्या इंजिनिअरने शांतपणे ऐकून घेतलं. पेटी पुन्हा हादरवून बघायला त्यांच्याकडे वेळ उरला नव्हता, यंत्रं दुसऱ्या कामांना लागली होती. तो म्हणाला, आम्ही तुम्हाला ओळखतो, तुम्ही स्वच्छ आहे म्हणालात तर आम्ही तशीच घेतो. नाहीतर ठोकळा द्या. गाडी निघालेली आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल.

मॅडमनी फोन ठेवला.

"मंग? सांगी दे ना," आबा म्हणाले. "एक शब्दना सवाल शे. आख्खा तालुका देखी ऱ्हायना आपलाकडे. कुंकू ते शे, काय जहर शे का?"

"आबा, पेटी आपली शे, पन घर दुसरास्नं शे. कुंकू आत सुटनं आनि वीज भलतीकडे गई, ते तठे पुसाले कोन जाई?"

मी आबांच्या बाजूचा होतो. आजही लपवत नाही. एवढीशी रेघ, पुसलेली. चारशे गोष्टी आपण रोज अशाच भागवून नेतो. मी तसं म्हणालोसुद्धा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सुमित्राकडे बघत होत्या.

सुमित्रा पुढे आली. "मॅडम, मी लगेच पुसलं होतं. स्पिरिट लावून. दोनदा. माझ्या पाड्यावर सगळे वाट बघतायत. मॅडम, आत नसेल गेलं. बहुतेक नाहीच गेलं."

शब्द तोंडातून निघाला आणि तिला तो ऐकू आला. तिने डोळे मिटून घेतले. मॅडम खाली बसल्या, तिथेच फरशीवर, तंबूच्या दाराशी. इतका थकलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. मग त्या उठल्या, टोपी नीट केली आणि म्हणाल्या, "ठोकळा घ्या. पहिली पायरी."

सुमित्रानेच ठोकळा भरला. प्रत्येक पायरी म्हटली, प्रत्येक पायरी केली. गाडी आली तेव्हा ती मात्र खाली आली नाही. ही बातमी यासीनभाईंना मी सांगितली. त्यांनी लेथ बंद केलं आणि हात पुसले. "मेरा माल ऊपर जाएगा, सर, और मैं किसी को खुशी से बता भी नहीं सकता," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मॅडमनी पेटी उघडायला घेतली. मी त्यांना परोपरीने सांगितलं, नका उघडू, तशीच कपाटात ठेवून द्या. आत कुंकू निघालं तर ठीक, पण नाही निघालं तर? "म्हणूनच सगळ्यांसमोर उघडायची," त्या म्हणाल्या. सगळा गट जमला. झाकण निघालं. भिंगाखाली प्रत्येक कोपरा पाहिला. आत काही नव्हतं. कुंकवाचा कण नाही, पाण्याचा डाग नाही. पेटी आरशासारखी लख्ख होती.

कोणीतरी मागे चक्क शिवी दिली. मॅडमनी ती ऐकली. "आत स्वच्छ आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हे आज दिसलं. परवा दिसत नव्हतं." पोरांच्या चेहऱ्यांवरून त्यांना हे पटल्याचं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यांचा रागच आला. एवढं बरोबर असून माणसाने करायचं काय? सुमित्रा बाहेर निघून गेली. त्यानंतर तिने मॅडमशी बोलणं सोडलं. वर्गात यायची, काम करायची, विचारलं तर मान हलवायची.

उपग्रह ठरल्याप्रमाणे वर गेला. आमच्याकडे मोठा पडदा लावायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. मॅडमच्या नेमणुकीची मुदत त्या वर्षी वाढली नाही. आबा त्यासाठी संचालकांशी भांडले असं म्हणतात, पण ते एकटे पडले.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात मॅडम मला म्हणाल्या, "सर, सुमित्राच्या पाड्यावर जायचंय. त्यांना मी सांगितलं पाहिजे. तिने का सांगावं?" मी जीप ठरवली. सुमित्राला विचारलं, तर ती "येते" एवढंच म्हणाली. म्हसावद मागे पडलं, सातपुड्याचा घाट सुरू झाला आणि तिघांपैकी कोणीच तोंड उघडलं नाही. ड्रायव्हरने कंटाळून गाणी लावली आणि आरशात आमचे चेहरे बघून बंद केली.

पाड्यावर माणसं जमलेली होती. तीस-चाळीस तरी असतील. सुमित्राची वहिनी दाराशी उभी होती. मॅडमना खाट दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या. त्यांना तिथली पावरी बोली येत नव्हती. त्या मराठीतून एकेक वाक्य बोलत होत्या आणि सुमित्रा खाली बघून ते पावरीत सांगत होती.

"तुमच्या मुलीची पेटी वर गेली नाही. तिच्या जागी धातूचा ठोकळा गेला. पेटीत घाण गेली असेल अशी शंका आली म्हणून मी ती थांबवली. थांबवणारी मी, ती नाही."

एका म्हाताऱ्याने काही विचारलं. सुमित्राने ते मराठीत सांगितलं: "ते विचारतात, घाण निघाली का?"

मला वाटलं, आता तरी ही बाई जरा सावरून बोलेल. लांबलचक काहीतरी सांगता आलं असतं. मॅडम म्हणाल्या, "नाही. नंतर उघडून पाहिलं. आत स्वच्छ होतं."

सुमित्राने मान वर केली. मग तिने ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण माणसांत एकदम कुजबुज सुरू झाली. वहिनी आत निघून गेली. कोणी ओरडलं नाही, पण मी जीप कुठे उभी आहे ते बघून ठेवलं. तेवढ्यात सुमित्राचे वडील उठले आणि मॅडमना सोडून थेट मुलीलाच काहीतरी म्हणाले. आवाज कडक होता. ती त्यांच्याकडे बघत थोडक्यात काही बोलली. मग वडील खाली बसले आणि कोणाला तरी चहा ठेवायला सांगितला.

"काय विचारलं त्यांनी?" मी हळूच म्हणालो.

सुमित्राने उत्तर मला दिलं, पण मॅडमना ऐकू जाईल असं. "पेटीचं तूच मॅडमना सांगितलंस का, म्हणाले. मी हो म्हटलं. कशाला सांगितलंस, म्हणाले. मी म्हटलं, आत काय आहे ते मला माहीत नव्हतं म्हणून."

परतताना घाटाच्या एका वळणावर मॅडमनी जीप थांबवायला लावली. उतरल्या आणि दरीकडे तोंड करून कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, वळणांनी मळमळत असेल. पाण्याची बाटली घेऊन गेलो तर त्या रडत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, लहान मूल रडतं तशा. त्या पोरांसाठी आपल्याला काय वाटत होतं हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, आणि मीही ते कधी नीट बघितलं नव्हतं.

सुमित्रा उतरली. तिने माझ्या हातातली बाटली घेतली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी जीपजवळ परतलो. वारं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत नव्हतं. सुमित्रा काहीतरी म्हणाली, त्यातलं "मॅडम, छिद्र खालच्या बाजूला ठेवलं तर" एवढं कानावर आलं. मॅडमनी पदराने डोळे पुसले आणि जोरात नकारार्थी मान हलवली. सुमित्राने हवेत दोन्ही हातांनी एक चौकोन काढला, त्याच्या तळाला बोट लावलं. मॅडमनी तिचं बोट तिथून उचलून बाजूला नेलं. सुमित्राने ते पुन्हा खाली आणलं. दोघींचा वाद चांगलाच पेटला.

उन्हं उतरायला लागली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी दोघींपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.